दिवाणात लपवलेलं जाळं

पंजाबराव उमाळ्यांना दोन मुलं. थोरला प्रेम पुण्याला, धाकटा भागवत घरीच, वरवट बकालला. कुणी विचारलं, "पंजाबभाऊ, पोरं काय करतात?" की पंजाबरावांचं उत्तर दोन वेगवेगळ्या आवाजांत येई. थोरल्याचं सांगताना छाती दोन बोटं पुढे सरके. "मोठा पुण्याले कंपनीत हाय!" मग धाकट्याची पाळी आली की आवाज उतरे, नजर स्वतःच्याच चपलांकडे जाई. "लहाना? लहाना काही नाही, शेती करते."

काही नाही, शेती करते! मंडळी, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. खरं सांगा, कधीतरी बोललाही असाल. आठ एकर रान, त्यात कपाशी, तूर, सोयाबीन. बांधाला लागून प्लास्टिकची पन्नी अंथरलेलं मोठं शेततळं, तळ्यात रोहू आणि कटला मासे. पहाटे पाचला उजाडणारा आणि दिवेलागणीला मावळणारा भागवतचा दिवस. या सगळ्याची बेरीज आपल्याकडे 'काही नाही' अशी येते. असली बेरीज शाळेत मांडली असती तर गुरुजींनी पाटी फेकली असती. गावात मात्र ती वर्षानुवर्षं बरोबर म्हणून खपते आहे.

तळ्याची कल्पना भागवतचीच. हा सगळा खारपाणपट्टा. बोअर घेतली तर असं खारट पाणी लागतं की पीकही तोंड वाकडं करतं. सहा वर्षांपूर्वी पोरानं हट्टानं तळं खोदून घेतलं आणि पावसाचं गोडं पाणी साठवलं. तुरीला ऐन फुलात एक पाणी मिळू लागलं. पाणी साठलंच आहे तर मासे सोडू, म्हणून बीज सोडलं. पंजाबरावांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. नंतर त्याच माशांच्या पैशांवर घराला स्लॅब पडला तेव्हा हात खाली आला, पण तोंडातलं 'काही नाही' गेलं नाही.

अडचण उभी राहिली ती लग्नाची. भागवत एकोणतीस वर्षांचा झाला होता. पंजाबरावांचे लांबचे साडू कडूबा हे सोयरिकी जुळवण्यात पटाईत. त्यांनी चार स्थळं आणली, चारही परत गेली. दर वेळी नाटक तेच. पाहुण्यांचा पहिला प्रश्न, "शेती किती?" आठ एकर म्हटलं की पाहुणे खुशीनं बशीत चहा ओतायचे. दुसरा प्रश्न, "आन् पोरगा काय करते?" शेती म्हटलं की बशीतला चहा तिथंच थंड व्हायचा. म्हणजे पाहुण्यांना जमीन हवी होती, पण ती कसणारा नको होता!

पाचव्या स्थळाच्या वेळी पंजाबराव शहाणे झाले. शहाणे म्हणजे काय, खोटं बोलायला शिकले.

"जळगाव जामोदचे रामराव," कडूबा ओसरीवर पाय दुमडून सांगत होते. "कचेरीत मोठे बाबू हायत. पोरगी बी.कॉम. झाली, कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कामाले हाय. आधी घर पाहाले येऊन राह्यले, मंग पुढचं. आता मले एक सांगा, पोरगा काय करते म्हणून सांगू?"

पंजाबरावांनी घराच्या आत पाहिलं, बाहेर पाहिलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "कंपनीत हाय म्हणा. घरूनच काम करते. ते हाय ना, वर्क फ्रॉम होम."

कडूबांनी मांडीवर थाप मारली. "आता बोलले तुम्ही कामाचं!"

आतून आशाबाई हे सगळं ऐकत होत्या. कडूबा गेल्याबरोबर त्या बाहेर आल्या. "काऊन हो, पोराच्या हाताचे घट्टे काय वर्क फ्रॉम होमचे सांगसान?"

"तू गप्प राह्य. चार स्थळं वापस गेले. पाचवं गेलं तर पोरगा बिनलग्नाचा राहीन."

संध्याकाळी भागवत शेतातून आला तेव्हा वडिलांनी त्याला सगळा बेत सांगितला. पाहुणे उद्या अकराला येणार. त्यानं प्रेमचा जुना शर्ट घालायचा आणि घरी पडलेला प्रेमचा लॅपटॉप समोर घेऊन बसायचं. लग्न ठरलं की दिवाळीनंतर पुण्याला जायचं, कारण प्रेमनं गोदामात कामाची एक जागा बघून ठेवली आहे. जमीन बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कसायला देऊ. आणि तळं? "तळ्याचं पाहू मंग. नाही तर उपसून टाकू."

भागवत पायऱ्यांवर बसून हे ऐकत होता. तो भांडला नाही. फक्त म्हणाला, "आबा, उद्या बाजार हाय. पहाटे जाळं टाकाचं हाय. मी कोकिळामावशीले शब्द देला."

"उद्या घरात माशाचा खवला दिसला नाही पाहिजे!"

"बरं, मासे नाही काढत. पण मोटर तरी चालवू द्या. तीन दिवसांचं आभाळ हाय, वारा नाही. पाणी उडवलं नाही तर मासे गुदमरते."

"आन् चिखलात बरबटून येशीन? एक दिवस मोटर नाही चालली तर मासे काय मोर्चा काढते का?"

आईच्या डोळ्यांकडे पाहून भागवतनं मान डोलावली. चार स्थळं परत गेली तेव्हा ते डोळे त्यानं पाहिले होते. पंजाबरावांनी मात्र कामाला सुरुवात केली. पोराचं जाळं, गमबूट आणि कामाची पँट असा सगळा ऐवज त्यांनी गोळा केला. गोठ्यात ठेवावा तर पाहुणे गोठा बघतील, माळ्यावर ठेवावा तर खाली पाणी ठिबकेल. शेवटी बैठकीतल्या दिवाणाची फळी उचलली, सगळं आत कोंबलं, वर गादी अंथरली आणि नवी कोरी चादर टाकली. वरून पाहिलं तर दिवाण कसा घरंदाज दिसत होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पंजाबराव पेढे आणि कोथिंबीर आणायला बाजारात गेले. दर आठवड्याला गजबजलेला बाजाराचा तो कोपरा आज उगाच मोकळा वाटत होता. तिथं तीस वर्षांपासून मासे विकणारी कोकिळाबाई बसे. आज तिच्यासमोर मासळीचा पाटा धुतलेला, कोरडा पडला होता. बाजूला तेवढी सुकट आणि बोंबलाची दोन टोपली.

पंजाबराव वळणार तोच आवाज आला. "या पंजाबभाऊ, या! मासे घेता का? हे पाहा, एकदम ताजे!" असं म्हणून तिनं रिकाम्या पाट्यावर हात फिरवला. शेजारच्या दोघीतिघी फिसकन हसल्या.

"कोकिळाबाई, आज घरी जरा काम होतं."

"काम माहीत हाय मले. सगळ्या बाजाराले माहीत हाय. कंपनीवाला पोट्टा दाखवून राह्यले म्हणते तुम्ही. कोणता हो? माह्या वळखीचा तर एकच हाय, तळ्यावाला."

"बोलायले सोपं हाय तुमाले," पंजाबराव चिडले. "साठ किलो मासे एका दिवशी नाही आले, तर काय बाजार बुडाला?"

कोकिळाबाईनं पदर खोचला. ती आता खाली बसून नव्हे, उभी राहून बोलणार हे ओळखून शेजारणींनी भाजीवर पाणी मारणं थांबवलं.

"मासा बाजारात एकटा येत नाही, भाऊ. तो सागरचा ऑटो पाहा. सकाळची पहिली खेप तुमच्या तळ्याची, म्हणून तो डिझेल टाकून येते. आज खाली हात आला, आता दुसरी खेप झाली का तुमच्या शेतावर पाहाले जाईन म्हणते, का भागवत बीमार तर नाही. तो बर्फवाला पाहा, दोन लाद्या आणल्या, नालीत वाहून राह्यल्या. माह्याकडे मासे साफ करनाऱ्या दोघी बाया आल्या तशा वापस गेल्या. समोरच्या मसालावालीले विचारा, मासा नसला तर तिचा लसूण किती खपते. खानावळीवाल्यानं पाटीवरचं नाव पुसून वांगं लिहिलं. आता सांगा, किती घरं झाले?"

पंजाबरावांनी मनात मोजायला सुरुवात केली होती, पण तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"आन् हे सुकट पाहा," तिनं मूठभर सुकट उचलून त्यांच्या नाकासमोर धरली. "दर्या कुठी आन् वरवट कुठी! तरी हे येते. ज्या गाडीत येते ते गाडी जातांनी काय नेते? तुमची तूरडाळ. तिकडच्या कोळणीच्या लेकराच्या ताटात आपलं वरण, आन् आपल्या तव्यावर तिचं सुकट. तिनं उद्या म्हटलं का माहा पोरगा काही नाही, मासे धरते, आन् तुम्ही म्हटलं माहा काही नाही, शेती करते, तर तो गाडीवाला काय हवा भरून नेईन?"

मसालावाली खो खो हसली. पंजाबरावांनाही हसू येत होतं, पण त्यांनी ते पेढ्यांच्या पुड्यामागे लपवलं.

"तुमच्या सोयाबीनचं तेल निघते," कोकिळाबाई थांबायला तयार नव्हती. "मागं ढेप राह्यते. तेच ढेप माशाच्या खाद्यात जाते. म्हणजे तुमचंच सोयाबीन तुमच्याच तळ्यात पोहून राह्यलं, आन् तुम्ही म्हणता काही नाही! बरं, तुमचा मोठा पुण्याले काय करते?"

"कंपनीत हाय."

"कंपनीत कायचं काम?"

पंजाबराव घुटमळले. "डाळीची कंपनी हाय. तूरडाळ पाकिटात भरते, त्याच्यावर लेबल लावते. प्रेम ते सगळं पाहाते."

"हाव?" कोकिळाबाईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "म्हणजे तूर पाकिटात भरते तो कामाचा, आन् तूर पिकवते तो बिनकामाचा!"

पंजाबरावांनी पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. त्यांनी आयुष्यात पुष्कळ तूर विकली होती, पुष्कळ भाव केले होते. पण असा हिशेब त्यांच्यासमोर कुणी मांडला नव्हता!

"पोरी कोणी देत नाही, कोकिळाबाई," ते शेवटी म्हणाले. आवाजात आता चीड नव्हती, नुसता बाप होता. "तुमाले नाही समजायचं."

"मले नाही समजन? मी तीस वर्षांपासून माल विकून राह्यली. विकनाराच आपल्या मालाले हलकं म्हणते, तर घेनारा कायले हात लावीन? मी एकही दिवस गिऱ्हाइकाले म्हटलं नाही का, बाई, काही नाही, मासेच हायत. तुम्ही पोराले दरवाजात उभं करता आन् आधीच सांगता, काही नाही. मंग लोकं तेच घेऊन जाते, काही नाही!"

पंजाबराव पेढे घेऊन घरी निघाले. कोथिंबीर विसरले.

अकराला पाहुण्यांची भाड्याची गाडी दारात थांबली. रामराव पुढे, मागे त्यांच्या पत्नी वंदनाबाई आणि सुचिता, सगळ्यात शेवटी कडूबा. रामरावांची चाल अशी, की घर बघायला नव्हे, तपासणीला आले आहेत. मंडळी दिवाणावर बसली. बरोबर जाळ्याच्या वर!

पंजाबरावांनी खबरदारी म्हणून सहा उदबत्त्या लावल्या होत्या. पण बंद दिवाणात रात्रभर कोंडलेलं ओलं जाळं आणि उदबत्ती यांची गाठ पडली की जो वास तयार होतो, त्याला मराठीत अजून नाव नाही. वंदनाबाईंनी एकदा नाकाला पदर लावला. रामरावांनी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग सभ्यपणे विचारलं, "आपल्याकडे आज काही पूजाविधी होता काय?"

"हाव, सकाळीच," पंजाबराव घाईघाईनं म्हणाले.

समोर खुर्चीवर भागवत बसला होता. भावाचा शर्ट खांद्यात ताणलेला, पुढ्यात उघडा लॅपटॉप. पडदा काळा, चालूच नव्हता. आशाबाईंनी पोहे आणले. कोथिंबिरीशिवायचे.

"कंपनीचं नाव काय म्हणाले?" रामरावांनी चमचा उचलला.

भागवतनं वडिलांकडे पाहिलं. पंजाबरावांनी पोह्यांकडे पाहिलं. तेवढ्यात सुचिता पहिल्यांदा बोलली. सावळी, शांत मुलगी. आल्यापासून ती लॅपटॉपकडे नव्हे, भागवतच्या हातांकडे बघत होती.

"चार्जर नाही लावला का तुम्ही?"

"चार्जर..." भागवतनं खाली वाकून वायर शोधल्यासारखं केलं आणि त्याच वेळी त्याचा फोन वाजला.

सागर होता. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. "भागवत, कुठी हायस बे तू? मासे वर आले सगळे! तोंडं काढून राह्यले, काही उलटे पडले! मोटरच्या पेटीले कुलूप हाय, चाबी कुठी?"

भागवत अर्धवट उठला, मग थांबला. किल्ली कामाच्या पँटच्या खिशात. पँट कुठे, हे घरात एकाच माणसाला माहीत होतं.

"आबा," तो हळूच म्हणाला. "माहा पँट कुठी ठेवला?"

पंजाबरावांच्या कानात दोन आवाज एकदम वाजत होते. एक म्हणत होता, पाहुणे समोर आहेत, पाचवं स्थळ आहे, गप्प बस. दुसरा आवाज कोकिळाबाईचा होता. आणि समोर पोरगा उभा होता, दुसऱ्याच्या शर्टात, दुसऱ्याच्या यंत्रामागे. जणू स्वतःच्याच घरात तो कुणा परक्याच्या जागी बसला होता. या पोरानं सहा वर्षांत स्वतःसाठी एकदाही काही मागितलं नव्हतं. आज मागत होता ती फक्त स्वतःची पँट!

पंजाबराव ताडकन उठले.

"रामरावजी, जरा उठता का?"

"काय झालं?"

"उठा ना जी. तुमी बसले त्याच्याखाली माह्या पोराचा धंदा हाय!"

रामराव उठले, वंदनाबाई उठल्या. कडूबा खुणा करत होते, डोळे मोठे करत होते, पण पंजाबरावांनी नवी कोरी चादर एका झटक्यात ओढली, फळी उचलली आणि जाळं, गमबूट, चिखलाची पँट असा सगळा ऐवज बैठकीच्या मधोमध काढून ठेवला. सहा उदबत्त्यांनी तिथंच हार मानली.

"माहा पोरगा कंपनीत नाही," पंजाबराव एका दमात म्हणाले. "मी खोटं सांगलं. थो शेती करते. कपाशी, तूर करते आन् तळ्यात मासे पाळते. माह्या घराचा स्लॅब त्याचा हाय. मोठ्याच्या पुण्याच्या खोलीचं डिपॉझिटबी त्याच्याच माशाचं हाय. आज त्याले मोटर चालवू देली नाही म्हणून मासे मरून राह्यले, तेबी माह्याच पायी. आता तुमाले जायचं असन तर जा. मले तळ्यावर जायचं हाय!"

भागवतनं वडिलांकडे असं पाहिलं, की त्या एका नजरेत सहा वर्षं होती. मग त्यानं पँटच्या खिशातून किल्ली काढली आणि तो मोटारसायकलकडे धावला.

दारात गाडी उभी होती. पंजाबराव जाळं खांद्यावर टाकून बाहेर आले, पण त्यांच्याकडे शेतात जायला काही वाहन नव्हतं. सुचितानं वडिलांकडे पाहिलं. "बाबा, गाडी आपलीच हाय ना?"

"भाड्याची आहे," रामराव म्हणाले.

"मंग तर चिखलाचा काही प्रश्नच नाही!"

आणि मंडळी, जळगाव जामोदच्या कचेरीतले मोठे बाबू मांडीवर ओलं जाळं घेऊन शेतात पोहोचले.

तळ्यावर पाहवत नव्हतं. आभाळ भरलेलं, पाण्यावर वाऱ्याची सुरकुती नाही, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर शेकडो तोंडं उघडझाप करत होती. भागवतनं तोवर मोटर सुरू केली होती. पाईप उंच धरून तो पाण्याचा फवारा तळ्यावर उडवत होता. तेवढा एक फवारा पुरणार नव्हता. "काठावरून पाणी बडवा!" तो ओरडला. सागरनं बाभळीची फांदी उचलली, पंजाबरावांनी दुसरी. कडूबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग धोतराचा काचा मारला. सुचितानं ओढणी कमरेला बांधली आणि एक घमेलं घेऊन पाणी उचलून उंचावरून ओतू लागली. शेवटी रामरावांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर दुमडला.

तासभर सगळे बडवत होते. हळूहळू तोंडं कमी झाली. मासे खाली गेले. पंचवीसतीस उलटले होते, बाकी तळं वाचलं!

"आता मोठे मोठे काढून घेऊ, तळं हलकं करू," भागवत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत बाजार चालते. सागर, बर्फ राह्यला का रे?"

"एक लादी राह्यली असन. दुसरी नालीनं खाल्ली."

दिवाणातून निघालेलं जाळं पाण्यात पडलं. ओढायला सहा जण होते, आणि त्यातला एक वरिष्ठ लिपिक होता. चंदेरी माशांनी भरलेलं जाळं काठावर आलं तेव्हा रामराव नकळत म्हणाले, "बापरे! एवढा माल?" मग त्यांनी जे विचारलं ते कचेरीतल्या माणसाला शोभणारंच होतं. खाद्य किती लागतं, भाव काय मिळतो, वर्षाला किती निघतात. भागवतनं एकेक सांगितलं. लाजत नव्हता, फुगवतही नव्हता. रामराव ऐकता ऐकता बोटांवर मोजू लागले. मनातल्या मनात ते कुठल्या तरी पगारपत्रकाशी तुलना करत असावेत, आणि ती त्यांच्या बाजूनं जात नसावी.

निघताना मात्र ते गंभीर होऊन म्हणाले, "पंजाबराव, शेतीचं मला काही वाटलं नाही. खोट्याचं वाटलं. विचार करून कळवतो."

पंजाबरावांनी हात जोडले. "बरोबर हाय तुमचं."

त्या दुपारी कोकिळाबाईच्या पाट्यावर मासे पडले. खानावळीवाल्यानं वांगं पुसलं. कोकिळाबाईनं पंजाबरावांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "आज वर्क फ्रॉम होम नाही वाटते!"

आठ दिवस निरोप आला नाही. आशाबाई रोज दाराकडे बघायच्या. भागवत रोज पहाटे मोटर चालवायचा. नवव्या दिवशी कडूबा आले. चेहरा असा गोंधळलेला, जणू आयुष्यभराचं शास्त्र कुणी उलटं केलं.

"पोरगी हाव म्हणते. पण एक अट हाय म्हणते."

"कोणती अट?" पंजाबराव उठून उभे राहिले.

"पोरगा पुण्याले जाणार असन तर हे लग्न नको!"

कडूबांनी पुढे सांगितलं ते असं. रामरावांनी लेकीला समजावलं होतं, नोकरीवाल्याचं बघू म्हणून. तर ती म्हणाली, "बाबा, मी जिनिंगमध्ये काम करते. ज्या साली कापूस कमी येते, त्या साली आमचं ऑफिस फेब्रुवारीतच बंद होते. मले पगार मालक देते असं मले वाटत होतं. खरं तर बैलगाडीतून येणारा शेतकरी देते. ज्याच्या घरून पगार सुरू होते, त्याच्या घरी जायले मी काऊन लाजू?" घरात लेकीला उत्तर नसलं की बापानं हो म्हणायचं असतं, एवढा नियम त्यांना कचेरीबाहेरही माहीत होता.

लग्न ठरलं. पंजाबराव आणि भागवत पत्रिका छापायला जळगाव जामोदला गेले. छापखान्यातल्या पोरीनं संगणकावर नावं टाकली. आपल्याकडे नावापुढे कंसात पदवी छापायची पद्धत. तिनं 'सुचिता' लिहून कंसात बी.कॉम. टाकलं आणि विचारलं, "काका, नवरदेवाच्या कंसात काय टाकू?"

"शेतकरी टाक."

पोरीला वाटलं, म्हाताऱ्याला समजलं नाही. "काका, कंसात डिग्री असते. नसली तर रिकामं ठेवते लोक."

"रिकामं नाही ठेवायचं. सहा वर्षं रिकामंच ठेवलं मी. शेतकरी टाक, आन् जागा उरली तर मत्स्यपालकबी टाक."

"पण असं कोणी छापत नाही हो."

"म्हणूनच तं लोकायले माहीत नाही!"

भागवत काचेच्या दारातून बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिला. डोळ्यात काही गेलं असावं.

मंडळी, आपल्या जिल्ह्यातल्या गावांचं पोट कशावर चालतं, हे शोधायला फार लांब जायला नको. एका बाजारातून एक दिवस मासा काढून बघा, एक हंगाम कापूस काढून बघा. बर्फवाल्यापासून बाबूपर्यंत कुणाकुणाच्या चुली हलतात ते आपोआप दिसेल. पिकवणारा आणि मासे धरणारा हे आपल्या सगळ्यांच्या पगाराचे पहिले धनी आहेत. त्यांना जावई म्हणून नाकारण्याआधी, आणि त्याहून आधी आपल्याच पोराला दारात उभं करून त्याची किंमत पाडण्याआधी, आपल्या जिभेवरचे ते 'काही नाही' हे दोन शब्द खोडायला हवेत. सरकारनं करायचं ते सरकार करील. एवढं खोडायला तर कुणाची सही लागत नाही!

पहिली पत्रिका पंजाबरावांनी देवापुढे ठेवली. दुसरी घेऊन ते स्वतः बाजारात गेले. कोकिळाबाईनं हात पुसले, पत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि अक्षर अक्षर लावत वाचू लागली. चि. भागवतपाशी तिचं बोट थांबलं. कंसातलं तिनं दोनदा वाचलं.

मग पत्रिकेची घडी करून तिनं ती कमरेच्या पिशवीत, पैशांच्या शेजारी ठेवली.

"आता बरोबर भाव लावला, पंजाबभाऊ!"